अण्णांना घेऊन नापाच्या जंगलात तंबूतल्या दोन रात्री

ज्यांचं लेकरू कॅलिफोर्नियात आहे आणि आईवडिलांना तिकडं न्यायचा विचार चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय, त्यातही घरी द्राक्षबाग असेल तर नक्की वाचा. मागच्या सप्टेंबरात मी अण्णा आणि आईला घेऊन ताईकडं गेलतो. ताई-दाजी फ्रीमाँटला राहतात, तिथून नापा गाडीनं दोन तासाच्या आसपास, ट्रॅफिक लागली तर अडीच. आता आमचे अण्णा माळकरी, घरात कुणी थेंबाला शिवत नाही, त्यामुळे वाईनच्या गावाला माळकरी माणूस कशाला न्यायचा असं मलाच आधी वाटत होतं. पण अण्णांची साडेचार एकर बाग आहे, जालन्याकडच्या द्राक्षाच्या कडवंची गावाच्या पलीकडं आमचं गाव, आणि कॅलिफोर्नियातली सगळ्यात महाग वाईनची द्राक्षं जिथं पिकतात ती जमीन बघायचीच असं त्यांनी विमानात बसायच्या आधीपासून ठरवून ठेवलतं.

दाजींनी आधी हॉटेल बघितलं. नापाच्या हॉटेलांचे भाडे बघून मी गप्पच बसलो, एका रात्रीच्या पैशात इथं आपल्याकडं एकरभर बागेची एप्रिलची खरड छाटणी होऊन जाईल. मग ताईनं सांगितलं की तिथंच द्राक्षाच्या पट्ट्यात सरकारी जंगल आहे, तंबू टाकून राहता येतं. बोथी-नापा व्हॅली स्टेट पार्क. हायवे २९ वर, सेंट हेलेना आणि कॅलिस्टोगा या दोन गावांच्या मधे, कॅलिस्टोगा तिथून चार-पाच मैल. दोन हजार एकराच्या आसपास जंगल, आणि गेटच्या बाहेर पाऊल टाकलं की द्राक्षाच्या ओळी सुरू.

बुकिंग सोपं आहे पण लवकर करावं लागतं. कॅलिफोर्नियाच्या बहुतेक स्टेट पार्कांची एकच साईट आहे, रिझर्व्ह कॅलिफोर्निया, आणि सहा महिने आधी तारखा उघडतात. शनिवार-रविवारच्या जागा पटापट जातात म्हणून आम्ही गुरुवार-शुक्रवारच्या रात्री घेतल्या, भाच्याची एक दिवस शाळा बुडाली, बुडू दे. एका जागेवर आठ माणसं राहू शकतात, आम्ही सहा होतो. ज्यांना तंबू नको त्यांच्यासाठी युर्ट आहेत, म्हणजे गोल कापडी घरं, आत पलंग असतो, आणि लाकडी खोल्यापण आहेत. आईचे गुडघे दुखतात म्हणून मी युर्टच म्हणत होतो, पण त्या तारखेला शिल्लक नव्हतं. पुढं सांगतो, ते बरंच झालं.

तंबू भाड्यानं आणला. दुकानाचं नाव घेत नाही, पण पिशवी उघडली तर बारापैकी पाचच खुंट्या. दाजींचं तोंड उतरलं. अण्णा उठले, खाली पडलेल्या वाळल्या काटक्या उचलून बघितल्या, मग दगड गोळा केले आणि दोऱ्या दगडाला बांधून तंबू असा ताणून दिला की रात्री वारा आला तरी हलला नाही. द्राक्षाच्या मांडवाच्या तारा ताणायची इतक्या वर्षांची सवय. तुम्ही भाड्यानं घेणार असाल तर दुकानातच सगळं उलगडून मोजून घ्या, ही पहिली सूचना.

जागा कशी आहे ते सांगतो. प्रत्येक जागेला लाकडी टेबल-बाकडं, जाळ करायला लोखंडी कडं, खायचं सामान ठेवायला कुलूपबंद करता येईल अशी पेटी. संडास फ्लशचे, अंघोळीला शॉवर, पाण्याचा नळ जवळ. वयस्कर माणसं असली की आपल्याला पहिली काळजी हीच असते म्हणून आधी सांगितलं. आईनं जाऊन बघून आल्यावर मान हलवली म्हणजे पास. जेवण झालं की एक दाणा बाहेर ठेवायचा नाही, रॅकून नावाचं मुंगसापेक्षा मोठं तोंडाला काळा पट्टा असलेलं जनावर रात्री येतं आणि डबे उघडतं. गाडीतपण खायचं ठेवू नका.

आणि दिवसा गांधीलमाश्या. सप्टेंबरात पिवळ्या गांधीलमाश्या लई असतात, ताटाभोवती घिरट्या घालतात, आमच्या गूळ-शेंगदाण्याच्या डब्यावर तर सात-आठ बसल्या. आईनं ताटावर ताट झाकून वाढलं, एकेक घास उघडून. संध्याकाळी गारवा पडला की जातात, त्यामुळे दुपारचं जेवण कोरडं आणि पटकन, रात्रीचं निवांत असं ठेवा. आम्ही ताईकडून ज्वारीचं पीठ, ठेचा, धपाटे आणि दशम्या नेल्या होत्या. धपाट्याला दोन दिवस काही होत नाही, कॅम्पिंगला याच्यासारखं खाणं नाही, ती पाकिटातली सँडविचं नेऊ नका.

जाळ आम्हाला करता आला नाही. उन्हाळ्याच्या शेवटी तिथं सगळं गवत वाळून कोळ झालेलं असतं आणि आगीची भीती असली की जाळावर बंदी येते, जाण्याआधी विचारून घ्या, गॅसची छोटी शेगडी सोबत असू द्या. मला आधी वाईट वाटलं, कारण माझ्या डोक्यात हुरड्यासारखं चित्र होतं, मधे आगटी आणि सगळे गोल बसलेत. पण नंतर दाजींनी २०२० ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी २७ सप्टेंबरला ग्लास फायर नावाचा वणवा लागला आणि नापा-सोनोमा मिळून ६७ हजार एकरावर पसरला. घरं गेली, वाईनरी गेल्या, आणि ज्यांच्या बागा जळल्या नाहीत त्यांच्या द्राक्षात धुराचा वास उतरला, त्या वर्षी कित्येकांनी लाल वाईन बनवलीच नाही. अण्णा हे ऐकून बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजी आपल्याला गारा, ह्यान्ला धूर." फेब्रुवारीत माल काढणीला आलेला असताना गारपिटीनं पंधरा मिनिटात घड सोलून काढलेले आम्ही बघितलेत. अमेरिकेतला शेतकरी अण्णांना तिथून पुढं परका वाटला नाही.

आता झाडं. हा पार्क मुळात या झाडांसाठी बघायचा. रेडवूड. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याचं झाड आहे, समुद्राच्या धुक्यावर जगतं, पण इथं समुद्रापासून इतक्या आत रिची नावाच्या ओढ्याच्या कडेनं सावलीच्या दरीत ते टिकून आहे. बाहेर ३५ डिग्री ऊन, जालन्यासारखंच कोरडं, आणि ओढ्याच्या वाटेनं दहा मिनिटं आत गेलं की अंगावर एकदम गार येतं, विहिरीत उतरल्यासारखं. सप्टेंबरात ओढ्यात पाणी जेमतेम डबक्याएवढं होतं तरीपण गारवा तोच. मान मागं टाकून बघितलं तरी शेंडा दिसत नाही. साल हाताच्या पंजाएवढी जाड, मऊ, नारळाच्या काथ्यासारखी, आणि ती सहजी पेट घेत नाही म्हणून वणव्यातून ही झाडं वाचतात. काहींच्या बुंध्याला आतून काळं पडलंय आणि वर हिरवंगार.

एका ठिकाणी पाच-सहा झाडं गोल उभी होती, रिंगण धरल्यासारखी. मधे मोकळं. भाच्यानं सांगितलं की मधे जुनं झाड होतं, ते तोडलं गेलं की त्याच्या बुडातून चहूबाजूनी नवीन फुटवे येतात आणि तेच मोठे होतात. आई म्हणाली, "केळीला मुनवे येत्यात तसंच की." आणि त्या रिंगणाच्या मधे जाऊन उभी राहिली, गुडघे दुखत असताना, आणि बाहेर यायला तयार होईना. घाई करू नका तिथं. ओढ्याकडची वाट बऱ्यापैकी सपाट आहे, आई काठी टेकत दीड तास चालली. वर कायोटी पीक म्हणून टोक आहे, १,१७० फूट, तिथं मी आणि भाचा दोघंच गेलो, चढ चांगला दम काढतो, दुपारी जाऊ नका, पाणी जास्तीचं न्या.

एक धोक्याची गोष्ट, पॉयझन ओक. वाटेच्या कडेला सगळीकडं आहे. पळसासारखी तीन-तीन पानं, चकचकीत, आणि उन्हाळा संपताना लाल होतात, दिसायला इतकी सुंदर की आईनं तोडायला हात घातलाच होता. लागलं की खाजकुइलीपेक्षा वाईट, अंगावर फोड येतात आणि आठवडा-दोन आठवडे जात नाहीत. तीन पानं दिसली की हात मागं, एवढं आईवडिलांना पहिल्या दिवशीच सांगा.

द्राक्षाचं आता. शुक्रवारी पहाटे अण्णा साडेचारला उठले आणि मला हलवून म्हणाले बाहेर ट्रॅक्टरचा आवाज येतोय. खरंच येत होता. गाडी काढून हायवेला आलो तर एका बागेत दिव्यांचा उजेड, डोक्याला बॅटऱ्या बांधलेली माणसं ओळीनं द्राक्ष तोडत होती. तिकडं बरीचशी काढणी रात्रीच करतात, फळ गार असताना तोडलं तर आंबत नाही आणि गोडी-आंबटपणा आहे तसा राहतो. आम्ही रस्त्याच्या कडेलाच थांबलो, कुणाच्या बागेत न विचारता शिरायचं नाही. उजाडल्यावर त्यांची सुट्टी झाली तेव्हा मुकादमासारखा एक माणूस बाहेर आला, मेक्सिकन होता. भाचा शाळेत स्पॅनिश शिकतो म्हणून तोपर्यंत दाजींना फोन करून त्याला बोलावून घेतलं होतं. अण्णांनी मराठीत विचारायचं, भाच्यानं स्पॅनिशमधे, आणि परत उलटं. पहिला प्रश्न, एकरी किती टन? तीन-चार टन. अण्णांचा विश्वास बसेना, त्यांनी भाच्याला परत विचारायला लावलं. आपल्याकडं एकरी दहा-बारा टन काढतो आपण. मग दाजींनी मोबाईलवर भाव बघून दिला, नापाच्या कॅबरनेला, म्हणजे वाईनच्या काळ्या द्राक्षाच्या वाणाला, टनाला आठ-नऊ हजार डॉलर. अण्णांनी मनातल्या मनात किलोचा हिशेब केला आणि माझ्याकडं बघितलं. किलोला साडेसातशे-आठशेच्या आसपास रुपये. आम्ही मागच्या साली चाळीसनं दिली, आणि व्यापारी दोन दिवस उशिरा आला म्हणून शेवटची तोड पस्तीसनं.

त्या माणसानं एक घड काढून अण्णांच्या हातात दिला. मणी एवढाएवढासा, वाटाण्यापेक्षा जरा मोठा, काळा, साल जाड, आत बी. आपल्याकडचा लांबट मणी करायला आपण जीएचे डिप देतो म्हणजे मणी फुगवायच्या संजीवकात घड बुडवतो, मण्यांची विरळणी करतो, कागद लावतो, यातलं तिथं काही नाही, मणी बारीक असला तरच त्यांना पाहिजे कारण रंग आणि वास सगळा सालीत. छाटणीपण वर्षातून एकदाच, थंडीत वेल झोपलेला असताना. आपल्याकडं वेल झोपतच नाही म्हणून एप्रिलला एक आणि ऑक्टोबरला एक अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. हे ऐकल्यावर अण्णा म्हणाले, "आपल्या वेलाला इसावाच नाही बघ." माझं जालन्यात ठिबकचं दुकान आहे म्हणून माझी नजर सारखी लॅटरलकडं, म्हणजे ठिबकच्या नळ्यांकडं, जात होती. सगळीकडं ठिबक, पण मांडव कुठं नाही, एकावर एक ताणलेल्या आडव्या तारा आणि वेल भिंतीसारखा ताठ. उन्हाळाभर पाऊस नाही म्हणून डावणी हा ओलाव्यात येणारा बुरशीचा रोग जवळपास नाहीच, त्यांची लढाई भुरीशी, म्हणजे पांढऱ्या बुरशीशी. काही ओळींच्या तोंडाला गुलाबाची झाडं लावलेली होती, भुरी आधी गुलाबावर दिसायची म्हणून जुन्या लोकांनी लावलेली ती रीत.

आणखी एक गोष्ट मला तिथं गेल्यावर लख्ख झाली. आपण ज्या बिनबियांच्या द्राक्षाला थॉमसन म्हणतो ते नाव कॅलिफोर्नियाचंच. विल्यम थॉमसन नावाच्या शेतकऱ्यानं युबा सिटीकडं १८७० च्या दशकात ते वाण वाढवलं, मूळ वाण पश्चिम आशियातलं. आणि त्याच थॉमसनमधून तास-ए-गणेश, सोनाका ही वाणं आपल्याकडं महाराष्ट्रात निघाली. अण्णांच्या बागेतला वेल आणि ही माती यांची ओळख अण्णांच्या जन्माच्या आधीची आहे. हे सांगितल्यावर अण्णा खाली वाकले आणि चिमूटभर माती रुमालात बांधली. मी म्हणलं विमानात आणता येणार नाही, कस्टमवाले ठेवून घेतील. मग परत निघायच्या आदल्या रात्री त्यांनी ती ताईच्या दारातल्या तुळशीच्या कुंडीत टाकली.

शनिवारी सकाळी सामान आवरून, बारापर्यंत जागा सोडायची असते, पाणचक्कीला गेलो. पार्कातूनच एक मैलाभराची वाट आहे, आईमुळं आम्ही गाडीनं गेलो. बेल ग्रिस्ट मिल, १८४६ सालची, एडवर्ड बेल नावाच्या इंग्रज डॉक्टरनं बांधलेली, लाकडी चाक ३६ फूट उंच. शनिवार-रविवारी आत दाखवतात आणि चक्की चालू करतात. पाणी चाकावर पडलं, चाक कुरकुरत फिरायला लागलं आणि आत दगडाच्या पाळ्या घरघरल्या, तो आवाज ऐकून आई एकदम म्हणाली "जातं". लहानपणी पहाटे तिनं जात्यावर दळलंय. औरंगाबादच्या पाणचक्कीला आम्ही सगळे कितीदा गेलोय, आता छत्रपती संभाजीनगर म्हणायचं, दर्ग्याला येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी तिथं पीठ दळलं जायचं आणि पाणी लांबून मातीच्या नळातून आणलेलं. ती नहरीची करामत या लाकडी चाकापेक्षा मला मोठी वाटते, हे मी खरंच सांगतो. पण इथं चक्की चालू ठेवलीय, दाण्याचं पीठ होताना डोळ्यासमोर दिसतं, लेकरं हात घालून गरम पीठ बघतात. फक्त बघायची वास्तू आणि चालणारी वास्तू यात फरक पडतो.

हे सगळं कोण सांभाळतं ते विचारलं. २०११ मधे कॅलिफोर्निया सरकारकडं पैसे नव्हते म्हणून ७० पार्क बंद करायची यादी निघाली, त्यात हापण होता. तेव्हा नापा जिल्ह्याच्याच पार्क आणि मोकळ्या जागा सांभाळणाऱ्या संस्थेनं २०१२ पासून तो चालवायला घेतला. एकराला सोन्याचा भाव असलेल्या मुलखात दोन हजार एकर रान नुसतं रान म्हणून ठेवायचं आणि त्यासाठी गावानं उभं राहायचं. मला कडवंची आठवली, नव्वदच्या दशकात पाणलोटाचं काम गावानं अंगावर घेतलं म्हणून आज तिथं शेततळी आणि द्राक्षबागा दिसतात, अण्णा त्यांचंच बघून द्राक्षाकडं वळले.

ज्यांना वेळ आहे त्यांनी कॅलिस्टोगालापण जाऊन या, गरम पाण्याचे झरे आहेत, आपल्या किनवटकडच्या उनकेश्वरासारखे, फक्त तिथं अंघोळीला बरेच पैसे मोजावे लागतात. आम्ही नुसतं गाव बघून आलो. वाईनरीत गेलो नाही, गरज वाटली नाही.

थंडीचं सांगायचं राहिलं. दिवसा घाम आणि रात्री ११-१२ डिग्री, जमिनीतून गार येतं. आईला खाली दोन गाद्या, वर घोंगडी, कानाला मफलर, एवढं घेऊन जा. सतरंजीवर भागणार नाही.

आणि एक रात्रीचं बुकिंग करू नका, दोन रात्री घ्या. पहिल्या रात्री अण्णा दोन वाजता उठून बसले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले काही नाही, लाईट यायची वेळ झाली. आमच्याकडं आठवड्यातले निम्मे दिवस शेतीची लाईट रात्री असते, मोटार चालू करायला उठावं लागतं, आणि माल लागल्यावर जागल असते ती वेगळीच. अण्णा उघड्यावर आयुष्यात हजार रात्री झोपले असतील पण त्यातली एकपण रात्र कामाशिवायची नव्हती, हे मला तंबूत त्यांच्या शेजारी पडल्यावर पहिल्यांदा समजलं. ते बराच वेळ तंबूच्या दारात बसून होते. दहानंतर तिथं आवाज करायचा नसतो, सगळीकडं सामसूम, वरती झाडांच्या मधून तेवढ्याच चांदण्या. म्हणून म्हणलं युर्ट मिळालं नाही ते बरं झालं.

दुसऱ्या रात्री आठला जेवणं झाली, पिठलं-भाकरी, अण्णांनी हलक्या आवाजात हरिपाठ म्हणला, शेजारच्या तंबूतलं म्हातारं जोडपं येऊन बाजूला उभं राहिलं आणि संपेपर्यंत गेलं नाही. नऊला अण्णा आडवे झाले. मला दोनला जाग आली, आता सवय लागल्यासारखी, म्हणलं अण्णा उठले असतील. नव्हते उठले. सकाळी सातला आईनं चहा ठेवला तरी घोरत होते.